जोत्याची उंची



मी वास्तुविशारदाच्या व्यवसायात आलो तेव्हा उंच जोतं म्हणजे इमारतीचा रुबाब, असं सगळेच मानत. तालुक्याच्या एका गावी सरकारी कचेरीचं काम माझ्याकडे होतं. जोतं दोन फूट. एकास बारा या प्रमाणानं चाकाच्या खुर्चीसाठीच्या उताराला चोवीस फूट लागतात, तेवढे मी दर्शनी बाजूलाच दाखवले. कचेरीचे साहेब म्हणाले, "इथं अपंग येतात कोण? जागा कशाला खाताय?" माझा नकाशा बाजूला ठेवून ठेकेदाराकडून आठ फुटांत उतार उरकला गेला. त्यावरून मोटारसायकली तेवढ्या चढायच्या. निराधार योजनेचं टेबल पहिल्या मजल्यावर! पुढं एकदा गेलो, तर एक मुलगा वडिलांना पाठुंगळीला घेऊन जिना चढत होता. साहेबांच्या दारावरूनच ते दोघं गेले. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

"येतात कोण?" हा प्रश्न मला जन्मभर ऐकावा लागला, आणि त्याला आधार आकड्यांचा मिळतो. 2011च्या जनगणनेत देशात 2.68 कोटी अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, म्हणजे लोकसंख्येच्या 2.21 टक्के. जागतिक आरोग्य संघटना जगाच्या लोकसंख्येत हे प्रमाण 16 टक्के सांगते. आपली माणसं काही जगापेक्षा धडधाकट नाहीत. प्रगणक दारात उभा राहून "घरात कोणी अपंग आहे का?" असं विचारतो, तेव्हा लग्नाची मुलगी असलेलं घर "नाही" म्हणतं, आणि गुडघे गेलेल्या आजीला तर कोणी अपंग समजतच नाही. 1991च्या जनगणनेत हा प्रश्नच विचारला नव्हता. 2001मध्ये तो परत आला, तोही जावेद अबिदींसारख्या अपंग हक्कांच्या कार्यकर्त्यांनी लावून धरल्यावर. अपंगत्वाच्या आकडेवारीवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय वॉशिंग्टन गटाच्या प्रश्नावलीत मात्र चालताना किंवा पायऱ्या चढताना अडचण येते का, असं विचारतात. तसं विचारलं की घराघरातून "हो" येतं.

आपल्या व्यवसायाबद्दलही मला बोललं पाहिजे. मंजुरीपुरता नकाशात काढलेला आणि जागेवर नसलेला उतार, झाडू-बादल्या ठेवून कुलूप लावलेलं अपंगांचं स्वच्छतागृह, मधल्या टप्प्यावर उघडणारी लिफ्ट, जिथून घरापर्यंत पुन्हा अर्धा जिना! अशा प्रत्येक नकाशावर आपल्यातल्याच कुणाची तरी सही असते. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016च्या कायद्यात, सुगम्यतेचे नियम पाळले नाहीत तर इमारतीला पूर्णत्वाचा दाखला देऊ नये, असं स्पष्ट म्हटलं आहे. तरी दाखले मिळत राहिले. नोव्हेंबर 2024मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की नुसत्या शिफारशी पुरणार नाहीत, बंधनकारक नियम करा.

म्हणून आज वास्तुविशारद झालेल्या तुम्हाला कळकळीनं सांगतो, जो उतार तुम्ही स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून चढून पाहिलेला नाही, त्याच्या पूर्णत्वावर सही करू नका. मालक रागावेल, काम हातचं जाईल. तरी करू नका.

जुन्या तीनमजली सोसायट्यांच्या पुनर्विकासाचे नकाशे आता तुमच्याकडे येतील. तिथले सभासद तरुणपणी धावत जिना चढले, आज कठडा धरून उतरतात; काही जण तर खाली येतच नाहीत. बिल्डरची बैठक होण्याआधी त्यांच्या घरी जा, त्यांच्याशी बोला आणि मगच जोत्याची पातळी ठरवा.