किल्ली, ऐवज आणि मधला कारकून

धाराशिव जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे येथील जुने महसुली कागद बरेचसे उर्दूत, काही मोडीत आहेत. सन २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यातील ही दप्तरे पुन्हा उघडली गेली. पणजोबाच्या नावापुढे एक शब्द लिहिलेला सापडला, तर पणतूस दाखल्याची आशा.

जमिनीच्या दप्तराचा स्वभाव मात्र ध्यानी घेतला पाहिजे. तेरचा अमुक सर्व्हे नंबर म्हणा, पान निघते. पण ‘हा शब्द जेथे जेथे आहे ती सर्व पाने द्या’ म्हटले, की दप्तर मुके होते.

संगणकातही याच स्वभावाची माहिती-भांडारे असतात. प्रत्येक ऐवजास एक किल्ली. किल्ली द्यावी, ऐवज घ्यावा. २००७ साली ॲमेझॉनच्या अभियंत्यांनी आपल्या ‘डायनॅमो’ भांडाराचे वर्णन प्रसिद्ध केले. ग्राहकाच्या खरेदीची टोपली त्यात ठेवली जात असे. २००९ साली ‘रेडिस’ आले. अशा भांडारांचा वेग या साधेपणातूनच येतो.

परंतु माहिती मागणारा कार्यक्रम किल्ल्यांची भाषा बोलत नाही. तो म्हणतो, नोंद घाला, दाखवा, बदला, खोडा. या दोहोंमध्ये बसतो तो ॲडॅप्टर, म्हणजे एक लहानसा कारकूनच. तो गाव व नंबर जोडून किल्ली घडवितो, नोंदीचे रकाने एका ओळीत गुंडाळून आत ठेवतो, परत येताना पुन्हा उलगडतो. चार कामे, यापलीकडे त्यास काही येऊ नये हेच उत्तम.

खरी परीक्षा पुढे आहे. कोणी रकान्यावरून शोध मागितला, तर भिडस्त कारकून सारे भांडार चाळू लागतो. शंभर नोंदींत ते खपते. लाखांत काम तुंबते. त्याहून वाईट म्हणजे थोडे चाळून ‘नोंद नाही’ असे तो सांगून मोकळा होतो. ‘नोंद नाही’ आणि ‘मला शोधता येत नाही’ ही दोन उत्तरे एक नव्हेत; दाखला मागणाऱ्यास तर मुळीच नव्हेत. म्हणून लहान ॲडॅप्टरने न येणारे काम स्पष्ट नाकारावे. (हा भिडस्तपणा शहाण्यासुरत्यांनाही सुटत नाही!)

तरणोपाय आहे, पण फुकट नाही. शब्द हीच किल्ली आणि पानांची यादी हा ऐवज, अशी दुसरी सूची ठेवावी. मग प्रत्येक बदल दोन ठिकाणी लिहावा लागतो. पहिले लेखन झाले आणि दुसरे राहिले, तर सूची खोटे बोलू लागते. दोन्ही लेखने एकदम व्हावीत, अथवा एकही होऊ नये, अशी सोय भांडारात आहे काय, हे आधी पाहावे.

निजामकालीन दप्तरांना अशी शब्दसूची नव्हती. म्हणून उर्दू आणि मोडी वाचणारी माणसे बसवून पान न् पान वाचून घ्यावे लागले.