गडावरची शिदोरी आणि तिचे चोर



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत थोरामोठ्यांचे विषय आहेत, आणि त्यांच्या मध्येच मी डोंगरात भाकरी कशी सांभाळावी हे सांगायला उभा आहे. पत्रिका वाचून काही जणांना हसू आले असेल. परंतु शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत आता सुट्टीच्या दिवशी किती माणसे डोंगर चढतात याचा विचार केला, म्हणजे विषय वाटतो तितका क्षुल्लक नाही हे ध्यानात येईल. आसनगावला उतरून माहुली, डेहण्याकडून आजोबाचा डोंगर, देहरीहून गोरखगड, वैशाखऱ्याहून नाणेघाट. पाठीवर पिशवी, पिशवीत दोन दिवसांचा शिधा. हा शिधा दुसऱ्या दिवशी आपल्याच पोटात जाईल अशी प्रत्येकाची समजूत असते. डोंगरातल्या रहिवाशांना ती मान्य नसते.

अन्न राखण्याची चिंता आपल्याकडे आजची नाही. माहुलीसारख्या गडावर वेढा पडला, म्हणजे गडाचे आयुष्य तटाच्या उंचीवर जेवढे अवलंबून असे तेवढेच कोठारातल्या धान्यावर. १६३६ साली याच माहुलीवर शहाजीराजांना मोगल आणि आदिलशाही फौजांनी कोंडले, हे आपण शाळेत वाचलेले आहे. पण कोठाराचा खरा शत्रू कोण, हे शिवाजीमहाराजांनी ओळखले होते. चिपळूणजवळ पावसाळ्याची छावणी करून राहिलेल्या आपल्या लोकांना त्यांनी १६७३-७४ च्या सुमारास एक पत्र लिहिले. दाणावैरण जपून वापरा, रयतेला उपद्रव देऊ नका, चुली आणि चिलमी यांची आग सांभाळा, असे बजावून महाराज पुढे लिहितात, की रात्री दिवा तसाच ठेवाल तर एखादा उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील. केवढ्या उलाढाली चालू असताना त्या पुरुषाला उंदराचे स्मरण होते! तेव्हा उंदरावर पाच मिनिटे बोलण्यात मला तरी कमीपणा वाटत नाही.

शिध्याचे चोर दोन पाळ्यांत काम करतात, ही पहिली गोष्ट. दिवसपाळी माकडांची आणि रात्रपाळी उंदरांची. दोघांची हत्यारे निराळी, म्हणून त्यांच्यावरचे उपायही निराळे. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे पुष्कळांची शिदोरी जाते. रात्रीचा बंदोबस्त ते दिवसा करतात आणि दिवसाचा रात्री.

प्रथम माकड. आपण सरसकट माकड म्हणतो, पण आपल्या भाषेत दोन शब्द आहेत आणि ते उगीच नाहीत. काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे ते वानर. त्याच्या टोळीतला मोठा नर तो हुप्प्या. तांबूस तोंडाचे ते माकड. वानर मुळात पाला खाणारा प्राणी. त्याचे पोट गाईगुरांसारखे कप्प्याकप्प्यांचे असते आणि त्यात पाला आंबून पचतो. माकडाच्या गालांत मात्र पिशव्या असतात. समोर पडेल ते आधी गालात कोंबायचे, झाडावर जाऊन सावकाश खायचे, अशी त्याची रीत. चोरी करायलाच देवाने ही सोय दिली की काय, असे वाटते. दोघांनाही हात आहेत आणि दोघांनाही रंग दिसतात. बिस्किटाच्या पुड्याचा लाल-पिवळा रंग, दुकानातल्या पिशवीचा सळसळणारा आवाज, एवढ्यावर माकडाचा अंदाज पुरा होतो. पिशवीची सरकती साखळी ओढली की उघडते, हेही ते पाहून शिकते.

आता परदेशातले एक उदाहरण सांगतो. अमेरिकेत योसेमिटी नावाचे प्रचंड राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे हा त्रास अस्वलांचा. अस्वलाला नाक आणि ताकद. मोटारीत ठेवलेल्या खाऊचा वास आला तर दार वाकवून ते आत शिरते. १९९८ साली अशा नासधुशीचे प्रसंग तिथे दीड हजारांच्या पुढे गेले. पुढे सरकारने ठिकठिकाणी लोखंडी पेट्या बसवल्या, आणि रानात मुक्कामाला जाणाऱ्याने एक विशिष्ट डबा नेलाच पाहिजे असा नियम घातला. डबा कठीण प्लास्टिकचा, गुळगुळीत, पिंपासारखा. अस्वलाच्या जबड्यात तो मावत नाही आणि पंजाला धरायला कोर सापडत नाही. झाकण नाण्याने फिरवून उघडायचे. वजन सव्वा किलोच्या आसपास. प्रसंग पुष्कळ कमी झाले. मला यातली मौज अशी वाटते, की शिस्त लावली ती माणसाला, अस्वलाला नव्हे.

हा डबा आपल्याकडे कशाला हवा, असे कोणी विचारील. तोच आणायची गरज नाही. आपल्या स्वयंपाकघरात त्याचा चुलतभाऊ आहे. आटे असलेल्या झाकणाचा पत्र्याचा किंवा स्टीलचा डबा. नुसते दाबून बसवायचे झाकण माकड दातांनी उपटते. कडीचा डबा त्यातल्या त्यात बरा, कडीत तारेचा आकडा अडकवला तर अधिक बरा. डबा आतले दाखवणारा नको. आणि महत्त्वाचे म्हणजे तो पिशवीच्या तळाशी हवा. वरच्या कप्प्यात संत्री आणि तळाशी सतरंजी अशी पिशवी भरून गोरखगडाच्या पायऱ्या चढणारे लोक मी पाहतो, तेव्हा त्यांच्यापेक्षा माकडांचेच मला कौतुक वाटते.

गोरखगडाचे नाव मुद्दाम घेतले. त्या सुळक्याच्या कातळातल्या पायऱ्या उभ्या आहेत, एका अंगाला दरी आहे. अशा जागी माकडाने पिशवीला हात घातला तर ओढाताण करू नये. पिशवी सोडून द्यावी. पाच-पन्नास रुपयांच्या फराळासाठी तोल जाणे हा फार महाग सौदा आहे. दात दाखवून हसू नये. आपल्या दृष्टीने ते हसणे, माकडाच्या दृष्टीने ती धमकी. डोळ्याला डोळा भिडवू नये, पाठ फिरवून पळूही नये. माकडाने चावा घेतला किंवा ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि खाली उतरून त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जावे. पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग माकडाकडूनही होऊ शकतो, आणि एकदा लक्षणे दिसू लागली की त्यावर औषध नाही. हळद लावून घरी बसणाऱ्यांसाठी हे सांगतो आहे.

अंधार पडला की माकडे झाडांवर, कड्यांवर निजायला जातात आणि गुहेत उंदीर जागे होतात. पुष्कळ गडांवर मुक्काम गुहेत होतो. जिथे रोज माणसे जेवतात तिथे उंदरांची वसाहत असायचीच. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, त्यामुळे कुरतडणे हा त्याचा छंद नसून गरज आहे. कापड, प्लास्टिक, दोर, चामडे त्याला सारखेच. म्हणजे जी पिशवी दिवसा माकडापासून वाचली ती रात्री भोक पडून सकाळी हाती येते. नुकसान भोकापुरते असते तर सोसले असते. परंतु उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पसरतात. २००५ च्या महापुरानंतर मुंबईकरांना या रोगाचे नाव चांगलेच परिचयाचे झाले. उंदराने तोंड लावलेली भाकरी तेवढा भाग मोडून खाणे, ही काटकसर नव्हे.

रात्रीचा उपाय आपल्या आजीच्या घरात होता. शिंके! तुळईला दोर, दोराला जाळी, जाळीत दुधादह्याचे गाडगे. मांजर खाली बसून वर पाहत राही. म्हणून तर शिंके तुटून बोक्याचे फावले ही म्हण निघाली. गोकुळातल्या गवळणींनीही हाच बंदोबस्त केला होता. तो का फसला? चोर एक नव्हता, एकाच्या खांद्यावर दुसरा चढणारी टोळी होती आणि तिला हात होते. म्हणूनच दिवसा, माकडांच्या राज्यात, फांदीला टांगलेली पिशवी म्हणजे त्यांच्यासाठी बांधलेली दहीहंडी. उंदीर, कुत्रा, उदमांजर यांना मात्र शिंके पुरते.

पुरते, पण एका अटीवर. उंदीर दोरावरून उतरतो. बंदरात गलबत लागले, की त्याच्या दोरखंडांवर पत्र्याच्या गोल चकत्या अडकवलेल्या आपण पाहिल्या असतील. प्लेगचे दिवस ज्या मुंबईने १८९६ पासून भोगले, तिला त्या चकत्यांचा अर्थ सांगायला नको. दोरावरून चालणारा उंदीर तिथे अडतो. तीच युक्ती गुहेत करावी. नारळाच्या करवंटीला भोक पाडून ती दोरात पालथी ओवावी, वर-खाली गाठ मारावी. करवंटी मोठी घ्यावी, आणि शिंके भिंतीपासून हातभर दूर, जमिनीपासून पुरुषभर उंच असावे. करवंटी नसेल तर जुनी पत्र्याची थाळी चालते. यात दोन पैशांचा खर्च नाही, आणि झोप शांत लागते.

मुंग्यांसाठी वेगळे काही शोधायला नको. जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे, दुधाचे पातेले परातीतल्या पाण्यात ठेवायचे, हे आपल्या आयाबहिणींना सांगण्याचा आगाऊपणा मी करणार नाही.

धान्य राखण्याची खरी विद्या पाहायची असेल तर गडाखालच्या ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्या घरात पाहावी. बांबूची विणलेली, शेणामातीने लिंपलेली कणगी, घरात माळा, बियाण्याला राख, धान्यात कडुनिंबाचा पाला. शेतातली घूस भाताच्या लोंब्या बिळात साठवते. कातकरी ते बीळ खणून घूसही घेतो आणि तिने जमवलेले भातही. चोराचे कोठार शोधून काढणारा असा धनी आपल्यात कोण आहे?

आणि इथेच मला मुख्य गोष्ट सांगायची आहे. आपण शहरातून जातो, गुहेपाशी बसतो, माकडाचे पिल्लू गोजिरवाणे दिसते, आपण एक बिस्कीट टाकतो, छायाचित्र घेतो. संध्याकाळी आपण लोकलमध्ये असतो. पण माकडाला आता एवढे कळलेले असते, की दोन पायांचा प्राणी म्हणजे अन्न आणि त्याला भ्यायचे कारण नाही. पावसाळ्यात येणारे-जाणारे कमी झाले की ते खाली उतरते. खाली डोंगरउतारावर नाचणी-वरीचे तुकडे असतात, परसात काकडी-भोपळ्याचे वेल असतात, घरावर कौले असतात. टोळी कौलांवरून एकदा नाचून गेली की त्या पावसात घर गळते. पीक राखायला मग घरातले एक पोर शाळा सोडून दिवसभर बांधावर बसते. आपल्या बिस्किटाचे पैसे असे दुसऱ्याने भरायचे असतात. शनिवारी-मंगळवारी मारुतीच्या नावाने केळी वाटणाऱ्यांना माझी विनंती आहे, की ती केळी त्या पोराला द्यावीत.

उरलेल्या अन्नाचेही तसेच. खड्डा करून पुरले की काम झाले असे आपण समजतो. रानडुकराचे नाक ते रात्रीच उकरून काढते. मटणाची हाडे आणि सुकटीचे काटे फेकले तर गावातली कुत्री मुक्कामाच्या जागी घोटाळू लागतात, आणि कुत्रे हे बिबट्याचे आवडते भक्ष्य. बिबट्याला आपल्या पोळीत रस नाही, माणसाला तो होता होईल तो टाळतोच. २००९ साली टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडलेला एक वयस्क बिबट्या बाहेर काढून, गळ्यात यंत्राचा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला होता. एका महिन्याच्या आत तो कसाऱ्याजवळ लोहमार्ग ओलांडून, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालून वसईकडच्या रानात पोचला. एवढ्या वस्तीतून गेला, पण वाटेतल्या बहुतेकांना त्याची चाहूलही लागली नाही. संशोधकांनी त्याचे नाव ठेवले होते आजोबा. शहापूरच्या डोंगराचेही तेच नाव, हा योगायोग. असा सभ्य शेजारी आपल्या उष्ट्यामागून आलेल्या कुत्र्यापायी चुलीपर्यंत ओढून आणू नये, एवढेच. उष्टे-खरकटे डब्यात घालून परत न्यावे. माहुली तानसा अभयारण्यात येतो, सिद्धगडाचा परिसर भीमाशंकर अभयारण्यात. तिथे मुक्काम करायचा आणि चूल पेटवायची तर आधी वनखात्याला विचारावे लागते, हेही जाता जाता सांगतो.

आता एक शेवटची सूचना. चोराला हरवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे चोरण्यासारखे थोडे नेणे. निघण्यापूर्वी पायथ्याच्या गावी सांगून ठेवावे. नाचणीची भाकरी, पिठले, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि एखादी रानभाजी असे जेवण ताटावर बसून मिळते, आणि त्याचे पैसे त्या घरात जातात. मग पाठीवर सकाळची न्याहारी, थोडे शेंगदाणे, गूळ आणि पाणी एवढेच उरते, आणि ते एका लहानशा डब्यात मावते. गूळ मात्र दुहेरी फडक्यात बांधावा. तो पाझरला तर मुंग्यांची रांग डब्यापर्यंत येते.

अध्यक्षांनी मघाच घड्याळाकडे पाहिले आहे. आपली रजा घेतो.