छळाच्या पायऱ्या : हिटलरच्या जर्मनीत ज्यूंचे काय झाले?

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 विहाराच्या वर्धापन दिनी जर्मनीतल्या ज्यूंची गोष्ट कशाला, असे काहींच्या मनात येईल. आमचे उत्तर साधे आहे. जन्मावरून माणसाला हलका ठरवला की पुढे काय होते, हे आपल्या वाडवडिलांनी अंगावर सोसले आहे. विसाव्या शतकात तेच काम एका शिकल्या-सवरलेल्या देशाच्या सरकारने कायदे करून, फॉर्म भरून घेऊन आणि शिक्के मारून केले. नाझींचा ज्यूद्वेष आणि इथल्या सनातन्यांची अस्पृश्यता यांत फरक नाही, असे बाबासाहेबांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच मांडले होते. तेव्हा ही गोष्ट परक्यांची नाही.

ज्यू म्हणजे कोण, हे आधी सांगू. आपल्या कोकणात, अलिबाग-रेवदंड्याच्या बाजूला, बेने इस्रायल समाज शतकानुशतके राहिला. घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. मराठी बोलणारी ही माणसे ज्यूच. जर्मनीतले ज्यू तसेच तिथल्या मातीत मुरलेले होते. 1933 साली साडेसहा कोटींच्या देशात ते सुमारे पाच लाख, म्हणजे शंभरात एकसुद्धा पुरा नाही. कोणी डॉक्टर, कोणी वकील, कोणी दुकानदार. पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या बाजूने लढलेलेही त्यांत हजारो होते. पण 1918 मध्ये देश हरला, महागाईने पैसा कागद झाला, पुढे बेकारी आली. या सगळ्याचे खापर हिटलरने ज्यूंच्या डोक्यावर फोडले.

पुष्कळांना वाटते की हिटलर आला आणि दुसऱ्या दिवशी विषारी वायूच्या कोठड्या सुरू झाल्या. तसे झाले नाही. तो 30 जानेवारी 1933 रोजी पंतप्रधान झाला. ज्यूंची सरसकट कत्तल सुरू झाली 1941 मध्ये. मधल्या आठ वर्षांत काय झाले, तेच आज समजून घ्यायचे आहे.

पहिली पायरी ज्यूंच्या नावाची नव्हतीच. ती सर्वांच्या हक्कांवर होती. 27 फेब्रुवारी 1933 च्या रात्री संसदेच्या इमारतीला आग लागली. दुसऱ्याच दिवशी घटनेच्या 48 व्या कलमाचा आधार घेऊन राष्ट्राध्यक्षांच्या सहीने वटहुकूम निघाला. बोलण्याचे, छापण्याचे, सभा घेण्याचे स्वातंत्र्य गेले. कोणालाही चौकशीशिवाय डांबता येऊ लागले. कम्युनिस्ट आणि कामगार पुढारी आधी पकडले गेले. 22 मार्चला डाखाऊची छळछावणी उघडली. 23 मार्चला संसदेने कायदे करण्याचा अधिकार सरकारच्या हाती देऊन टाकला. कम्युनिस्टांना सभागृहात येऊच दिले नव्हते. विरोधी मते पडली फक्त 94, ती सगळी सोशल डेमोक्रॅट पक्षाची. कुंपण मोडले, मग शेतात कोणीही शिरावे!

दुसरी पायरी पोटावर. 1 एप्रिल 1933 रोजी ज्यूंच्या दुकानांपुढे नाझी स्वयंसेवक उभे राहिले आणि इथे खरेदी करू नका, म्हणून सांगू लागले. 7 एप्रिलच्या कायद्याने ज्यूंना सरकारी नोकरीतून काढले. 25 एप्रिलच्या कायद्याने शाळा-कॉलेजांतील नव्या प्रवेशात ज्यू मुलांना शंभरात दीड एवढीच मर्यादा घातली. इथे आमच्या तरुणांनी एक फरक नीट ध्यानात घ्यावा. आपले आरक्षण दाराबाहेर ठेवलेल्या माणसाला आत घेण्यासाठी आहे. ती मर्यादा आत असलेल्याला बाहेर घालवण्यासाठी होती.

या नोकरीच्या कायद्यात एक सूट होती. जे महायुद्धात आघाडीवर लढले, त्यांना तूर्त हात लावला नाही. ही सूट फार कामाची ठरली, पण सरकारच्या! ज्याला सूट मिळाली तो म्हणाला, आपण वाचलो. ज्याला मिळाली नाही तो एकटा पडला.

ड्रेस्डेन शहरातील प्राध्यापक व्हिक्टर क्लेम्पेरर यांचे उदाहरण घ्या. ज्यू घरात जन्म, पुढे ख्रिस्ती धर्म घेतलेला, पत्नी एव्हा ज्यू नव्हे, स्वतः महायुद्धात लढलेले. ते रोज डायरी लिहीत. ती डायरी 1995 मध्ये छापली गेली. तीत या पायऱ्या एका घराच्या उंबऱ्यातून दिसतात. सैनिक म्हणून 1933 मध्ये त्यांची नोकरी राहिली. 1935 मध्ये तीही गेली.

त्याच वर्षी, 15 सप्टेंबर 1935 रोजी, न्यूरेंबर्गचे कायदे आले. ही तिसरी पायरी. ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले, ते नुसते 'प्रजा' उरले. ज्यू आणि जर्मन यांच्या लग्नाला बंदी झाली. 45 वर्षांखालील जर्मन बाईने ज्यूच्या घरी कामाला राहायचे नाही, असेही ठरले. मग प्रश्न आला, ज्यू कोणाला म्हणायचे? नोव्हेंबरमध्ये नियम आला : चार आजी-आजोबांपैकी तीन वा चार ज्यू असतील, तो ज्यू. तुम्ही कोणता धर्म पाळता, देवळात जाता की चर्चमध्ये, याला किंमत नाही. जन्म तेवढा खरा! बंधू-भगिनींनो, हा हिशेब आपल्याला नवा आहे काय?

1936 मध्ये बर्लिनला ऑलिम्पिक भरले. परदेशी पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून ज्यूंना मज्जाव करणाऱ्या पाट्या काही दिवस उतरवल्या. लोकांना वाटले, वादळ सरले. छळ असाच चालतो. एक पायरी चढायची, थोडे थांबायचे, कोणी ओरडते का पाहायचे आणि पुढची चढायची.

1938 साली मोठी उडी घेतली. एप्रिलमध्ये हुकूम निघाला की पाच हजार मार्कांवर मालमत्ता असलेल्या प्रत्येक ज्यूने तिची यादी द्यावी. ऑगस्टमध्ये नावावर घाला आला. ज्याच्या नावावरून तो ज्यू आहे हे कळत नाही, त्या पुरुषाने 'इस्रायल' आणि बाईने 'सारा' हे जास्तीचे नाव लावायचे. ऑक्टोबरमध्ये पासपोर्टवर 'जे' अक्षराचा शिक्का. कोण, कुठे, किती पैसा, सगळे कागदावर आले. मग 9 नोव्हेंबरची रात्र उगवली. पॅरिसमध्ये एका ज्यू तरुणाने जर्मन वकिलातीतील अधिकाऱ्याला गोळी घातली होती. त्याचे निमित्त करून देशभर 1400 हून अधिक प्रार्थनामंदिरे जाळली किंवा मोडली, सुमारे 7500 दुकाने फोडली. जवळजवळ 30 हजार पुरुषांना छावण्यांत नेले. वर ज्यूंनाच 100 कोटी मार्क दंड! त्याच महिन्यात ज्यू मुले सरकारी शाळांतून काढली गेली.

देश सोडून जावे, तर जायचे कुठे? जुलै 1938 मध्ये फ्रान्समधील एव्हियाँ येथे 32 देशांची परिषद झाली. सहानुभूतीची भाषणे झाली, पण बहुतेकांनी दारे उघडली नाहीत. तरी जर्मनीतले अर्ध्याहून अधिक ज्यू कसेबसे बाहेर पडले. म्हातारे आणि गरीब मागे राहिले.

1939 मध्ये युद्ध सुरू झाले आणि माणसाला माणसापासून तोडण्याची पायरी आली. रेडिओ जप्त, टेलिफोन बंद, संध्याकाळी बाहेर पडायचे नाही. क्लेम्पेरर पती-पत्नीला 1940 मध्ये स्वतःचे घर सोडून ज्यूंसाठी ठरवलेल्या इमारतीत जावे लागले. सप्टेंबर 1941 पासून सहा वर्षांवरील प्रत्येक ज्यूने कपड्यावर पिवळा तारा शिवायचा. 1942 मध्ये हुकूम आला की ज्यूंनी कुत्रे-मांजर पाळायचे नाही. क्लेम्पेरर यांच्या घरचे म्हातारे मांजर तेव्हा मारावे लागले. सरकार मांजरापर्यंत पोहोचले, तेव्हा माणसाचे काय उरले असेल?

शेवटची पायरी आता दूर नव्हती. जून 1941 मध्ये जर्मन फौजा रशियात शिरल्या आणि मागोमाग गोळ्या घालणाऱ्या तुकड्या गेल्या. कीव्ह शहराजवळ बाबी यार येथे सप्टेंबरच्या अखेरीस दोन दिवसांत 33,771 ज्यू मारले. हा आकडा त्यांच्याच अहवालातला आहे. ऑक्टोबरपासून जर्मनीतल्या ज्यूंना रेल्वेने पूर्वेकडे नेऊ लागले. 20 जानेवारी 1942 रोजी बर्लिनजवळ वानझे येथे पंधरा अधिकारी टेबलाभोवती बसले. त्यांतले निम्म्याहून अधिक डॉक्टरेट मिळवलेले! ऑशविट्झ, ट्रेब्लिंका अशा छावण्यांत वायूने माणसे मारली गेली. युद्ध संपेपर्यंत युरोपातले सुमारे 60 लाख ज्यू गेले.

मित्रहो, आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. हे एकट्या हिटलरने केले काय? बंदूक धरणारे थोडे होते, कागद धरणारे फार होते. आजी-आजोबांच्या नोंदी तपासणारा कारकून, मालमत्तेचा अर्ज जमा करणारा अधिकारी, खाते गोठवणारा बँकवाला, मुलीचे नाव हजेरीपटातून काढणारा मास्तर. जर्मन रेल्वेचेच पाहा. मरणाला नेलेल्या माणसांचे तिसऱ्या वर्गाचे भाडे रेल्वेने लावले. दहा वर्षांखालच्या मुलाला अर्धे तिकीट, चार वर्षांखालच्याला फुकट. चारशेहून जास्त माणसे असली तर सवलत. परतीचे भाडे फक्त पहारेकऱ्यांचे! प्रत्येक जण म्हणे, मी माझ्या टेबलाचे काम केले.

आपल्या वस्तीतली किती तरी मुले-मुली आज रेल्वेत, महापालिकेत, बँकेत, शाळेत आहेत. त्यांना आमचे सांगणे एवढेच की अष्टांगिक मार्गातला सम्यक आजीव म्हणजे केवळ दारू-मांसाचा धंदा न करणे नव्हे. आपल्या सहीने कोणाचा घास जातो, कोणाचे नाव यादीत चढते, हे पाहणे हाही सम्यक आजीवच आहे.

आणि पायऱ्या थांबवता येत नव्हत्या, असे कोणी म्हणू नये. नाझी राजवट अपंग आणि मनोरुग्णांनाही गुपचूप मारत होती, 70 हजारांवर बळी गेले होते. ऑगस्ट 1941 मध्ये बिशप फॉन गालेन चर्चमध्ये उघड बोलले. त्याच महिन्यात हिटलरला ती मोहीम अधिकृतपणे थांबवावी लागली. पुढे ती लपूनछपून चालली हेही खरे, पण उघड आवाजाला सरकार घाबरले. 1943 च्या सुरुवातीला बर्लिनच्या रोझेनश्ट्रासे या रस्त्यावर, पकडलेल्या ज्यू नवऱ्यांसाठी त्यांच्या बायका आठवडाभर थंडीत उभ्या राहिल्या. जवळजवळ सगळे नवरे सुटले. सुटकेमागे दुसरी कारणेही होती, असे काही इतिहासकार मानतात. पण त्या बायकांवर गोळी चालली नाही, हे कोणी नाकारत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डेन्मार्कच्या कोळ्यांनी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सुमारे सात हजार ज्यूंना होड्यांतून स्वीडनला पोहोचवले.

क्लेम्पेरर वाचले. पत्नीने घटस्फोट दिला नाही, म्हणून त्यांना पूर्वेकडे नेले नव्हते. फेब्रुवारी 1945 मध्ये ड्रेस्डेनच्या उरल्यासुरल्या ज्यूंना नेण्याचे हुकूम निघाले. त्याच सुमारास शहरावर बॉम्बवर्षाव झाला. त्या गोंधळात एव्हाने त्यांच्या कोटावरचा तारा चाकूने काढून टाकला आणि दोघे निसटले. एका बाईने साथ सोडली नाही, एवढ्यावर एक जीव तरला.

आता आपल्याकडे पाहू. 9 डिसेंबर 1948 रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी 32 व्या कलमाला, म्हणजे हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याच्या अधिकाराला, घटनेत सर्वांत महत्त्वाचे मानले. 25 नोव्हेंबर 1949 रोजी त्यांनी बजावले की राजकारणातली भक्ती देशाला हुकूमशाहीकडे नेते. जर्मनीचा इतिहास त्यांच्या डोळ्यांपुढे ताजा होता.

म्हणून विहारात येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला आमची विनंती आहे. वंदना झाल्यावर महिन्यातून एक दिवस मुलांना संविधानातले मूलभूत हक्क वाचून दाखवा. आणि शेजारचा माणूस कोणत्याही धर्माचा, कोणत्याही जातीचा असो, त्याच्या नावाची पहिली यादी निघेल तेव्हाच बोला. यादी आपली नाही म्हणून गप्प बसू नका. तथागतांनी अप्रमादाचा, म्हणजे जागे राहण्याचा, उपदेश केला. तो पहिल्या पायरीसाठीच आहे, शेवटच्या पायरीवर जागे होऊन उपयोग नसतो.



भवतु सब्ब मंगलं. जय भीम! जय भारत!