पाठीचा कणा, वार्धक्य आणि भारवहन



‘मणक्यांत गॅप आहे’ हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी घरात ऐकले असेल. वस्तुतः झिजेमुळे दोन मणक्यांमधील अंतर वाढत नाही, कमी होते. त्या अंतरात असलेल्या गादीविषयी आज बोलावयाचे आहे.

अशा २३ गाद्या आपल्या कण्यात आहेत. गादीचा गाभा मऊ, पाण्याने फुगलेला. त्याभोवती चिवट तंतूंचे अनेक पदर. भार पडला की गाभा तो सर्व दिशांना सारखा वाटतो. वयोमानाने गाभ्यातील पाणी घटते. प्रौढ गादीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात, म्हणून झालेली झीज सहसा भरून येत नाही.

गादी दबली तरी शरीराचा भार कमी होत नाही. मग तो कोण वाहतो? ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी मृत्यूनंतर मिळालेल्या कण्यांवर हे मोजले व २००४ साली प्रसिद्ध केले. ताठ उभ्या स्थितीत गादी निरोगी असता मणक्याच्या मागील कमानीवर केवळ ८ टक्के भार होता. गादी फार झिजलेली असता ४० टक्के. कमानीचे सांधे दुखू लागतात यात नवल नाही. परंतु मला अधिक गंभीर वाटते ती पुढची बाजू. तेथील भार ४४ वरून १९ टक्क्यांवर उतरला. ज्या हाडाला काम उरत नाही ते विरळ होते. आणि आपण खाली वाकताच याच दुबळ्या भागावर भार एकदम येतो व तो चेपतो. रजोनिवृत्तीनंतर हाडे आधीच ठिसूळ झालेल्या भगिनींना हा धोका विशेष. घरातील आजी ‘वयामुळे वाकली’ असे आपण सहज म्हणून जातो. पुष्कळदा तो न ओळखलेला अस्थिभंग असतो.

म्हणून पाण्याची कळशी वा धान्याचा डबा कमरेत वाकून उचलू नये. गुडघे मोडून, वस्तू अंगाशी धरून उचलावी. चालणे मात्र सोडू नये, कारण बेताच्या भारानेच हाड टिकते.

एमआरआयच्या अहवालातील ‘झीज’ या शब्दाने घाबरून जाण्याचेही कारण नाही. पाठदुखी नसलेल्या लोकांच्या तपासण्यांचा २०१५ साली एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा विशीतील ३७ टक्के आणि ऐंशीतील ९६ टक्के व्यक्तींत अशी झीज आढळली. मात्र पायातील शक्ती कमी होणे, बैठकीची जागा बधिर होणे वा लघवीवरील ताबा सुटणे, यांपैकी काहीही जाणवल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.