रांग पुसायची घाई नको : मेल सर्व्हरचा लिसनर आणि क्यू

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेल्या चुका आणि 'अं...अं' काढून टाकले आहेत, बाकी तसंच आहे.)

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, मेल सर्व्हर? आता तो कोण चालवतं? पण तुमच्या कंपनीचं अॅप इनव्हॉइस पाठवतं, पासवर्ड बदलायची लिंक पाठवतं, तेव्हा मागे कुठेतरी एक लिनक्स मशीन असतं आणि त्यावर बऱ्याचदा पोस्टफिक्स चालू असतं. ते ज्याने सेट केलं तो नोकरी सोडून गेलेला असतो, आणि एक दिवस ते तुमच्या गळ्यात पडतं. माझ्या पडलं होतं.

आधी माझी गोष्ट सांगते, मग सेटिंग्ज. एक सूचना: सेटिंगच्या नावात शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर असतो, तो मी दर वेळी म्हणणार नाही.

नोकरीचं दुसरं वर्ष. आमचा एक क्लायंट होता, नोकरभरतीचं काम करणारा. उमेदवारांना मुलाखतीची पत्रं त्यांच्या अॅपमधून आमच्या पोस्टफिक्समार्फत जायची. त्या आठवड्यात आम्ही मेल सर्व्हरच्या पुढे एक लोड बॅलन्सर बसवला होता. म्हणजे मीच बसवला होता. टेस्ट मेल गेला, आला, मी खूश.

गुरुवारी रात्री साडेअकराला अलर्ट आला. मेलक्यू कमांड दिली, तर शेवटच्या ओळीत आकडा एक्केचाळीस हजारांच्या वर. वरची यादी बघितली, तर कुठल्या कुठल्या देशांतले पत्ते आणि औषधांच्या जाहिराती. आमच्या सर्व्हरमधून कोणीतरी स्पॅम पाठवत होतं. मला घाम फुटला. पोर्ट बंद केलं, ते बरोबर केलं. मग इंटरनेटवर शोधून पहिली मिळालेली कमांड मारली: पोस्टसुपर डॅश डी ऑल, डी कॅपिटल नाही, ऑल मात्र कॅपिटल. दोन मिनिटांत क्यू रिकामी. शांत झोपले.

सकाळी क्लायंटचा फोन. "मॅडम, शनिवारी मुलाखती आहेत आणि उमेदवारांना पत्रंच मिळाली नाहीत. आमच्या अॅपमध्ये तर सगळीकडे 'पाठवलं' दिसतंय."

त्या एक्केचाळीस हजारांत ती पत्रंही होती. मी स्पॅमबरोबर तीही पुसली होती.

आता हे 'पाठवलं' का दिसत होतं ते बघू, कारण सगळा विषय तिथेच आहे.

एसएमटीपी हा प्रोटोकॉल १९८२ सालचा, जॉन पोस्टेल यांनी लिहिलेला. त्यात एक क्षण फार महत्त्वाचा आहे. पाठवणारा पूर्ण मजकूर देतो, शेवटी एका ओळीत एकटा टिंब देतो, आणि समोरचा सर्व्हर म्हणतो २५०, ओके. त्या क्षणी जबाबदारी बदलते. आधी मेल पाठवणाऱ्याचा होता, आता तो तुमचा. पोस्टफिक्स हे २५० म्हणण्याआधी मेल डिस्कवर नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या सेकंदाला वीज गेली तरी मेल जाऊ नये. २००८ चं स्पेसिफिकेशन, आरएफसी ५३२१, तेही हेच सांगतं: एकदा स्वीकारलेला मेल क्षुल्लक कारणाने हरवायचा नाही. एकतर पोचवा, नाहीतर पाठवणाऱ्याला कळवा की पोचला नाही.

आमच्या पोस्टफिक्सने क्लायंटच्या अॅपला २५० सांगितलं होतं. शब्द दिला होता. आणि मी पुसलं तेव्हा कोणालाच काही कळलं नाही, कारण पोस्टसुपरने डिलीट केलेल्या मेलचा बाउन्स जात नाही.

म्हणून माझ्या डोक्यात आता दोनच गोष्टी असतात. लिसनर म्हणजे कोणाला शब्द द्यायचा. क्यू म्हणजे दिलेला शब्द कसा पाळायचा. बाकी सगळी सेटिंग्ज या दोन खणांत बसतात.

आता लिसनर. पोस्टफिक्सची मास्टर डॉट सीएफ नावाची फाइल उघडा. त्यात 'एसएमटीपी' नावाने सुरू होणाऱ्या दोन ओळी दिसतील आणि नवीन माणूस इथेच गोंधळतो. ज्या ओळीत पुढे 'आयनेट' आहे आणि शेवटी 'एसएमटीपीडी' आहे, तो लिसनर, म्हणजे आत येणाऱ्यांसाठी. ज्यात 'युनिक्स' आहे आणि शेवटी नुसतं 'एसएमटीपी' आहे, तो बाहेर मेल घेऊन जाणारा. शेवटच्या 'डी'ने सगळा फरक पडतो.

जुन्या वाड्याचं दार डोळ्यासमोर आणा. मोठा दरवाजा पोर्ट २५. तिथे जगातले बाकीचे मेल सर्व्हर येतात आणि फक्त तुमच्या घरच्या माणसांसाठी पत्र देतात. तिसऱ्याच गावाला द्यायचं पत्र कोणी इथे आणून दिलं, तर घ्यायचं नाही. पोर्ट ५८७ आणि ४६५ म्हणजे घरच्यांची दारं. तिथून बाहेरगावी पत्र पाठवता येतं, पण पासवर्ड दाखवून आणि टीएलएसमधूनच. ५८७ वर साधं कनेक्शन सुरू होऊन मग टीएलएस लागतं, ४६५ वर पहिल्या बाइटपासून टीएलएस असतं.

म्हणून पोर्ट २५ वर लॉगिन ठेवू नका. ५८७ च्या ओळीखाली तीन गोष्टी लिहा: टीएलएस सिक्युरिटी लेव्हल 'एन्क्रिप्ट', सॅसल ऑथ 'येस', आणि रिले रिस्ट्रिक्शन्समध्ये 'परमिट सॅसल ऑथेंटिकेटेड, रिजेक्ट'. म्हणजे लॉगिन केलं असेल तर या, नाहीतर चालते व्हा.

तुमचा सर्व्हर फक्त अॅपचे मेल बाहेर पाठवत असेल आणि अॅप त्याच मशीनवर असेल, तर मोठा दरवाजा हवाच कशाला? मेन डॉट सीएफमध्ये 'आयनेट इंटरफेसेस' हे 'लूपबॅक ओन्ली' करा. मात्र हे बदलल्यावर नुसतं रीलोड चालत नाही, पोस्टफिक्स पूर्ण थांबवून परत सुरू करावं लागतं. माझ्या ओळखीत दोघांनी रीलोड करून 'झालं' म्हटलं आणि दार आठवडाभर उघडं होतं. बदल झाला की 'एसएस डॅश एलटीएनपी' मारून डोळ्यांनी बघा, कोण कुठे ऐकत बसलंय ते.

आता माझी चूक. पोस्टफिक्समध्ये 'माय नेटवर्क्स' नावाचं सेटिंग आहे. त्या यादीतल्या आयपीवरून कोणी आलं तर तो घरचा, पासवर्ड विचारायचा नाही. आमच्या यादीत ऑफिसचं अख्खं सबनेट होतं. मी लोड बॅलन्सर बसवला तो त्याच सबनेटमध्ये. आता बाहेरून कोणीही येवो, पोस्टफिक्सला दिसणारा आयपी लोड बॅलन्सरचा. म्हणजे घरचा! दारावरचा गुरखा बदलला आणि नव्या गुरख्याबरोबर येणारा प्रत्येक जण पाहुणा ठरला. याला म्हणतात ओपन रिले. असे सर्व्हर शोधत फिरणारे बॉट दिवसरात्र चालू असतात.

उपाय दोन. एक, माय नेटवर्क्समध्ये सबनेट टाकू नका, अॅप सर्व्हरचे सुटे आयपी टाका, तेही नाइलाज असेल तरच. दोन, लोड बॅलन्सर ठेवायचाच असेल तर प्रॉक्सी प्रोटोकॉल वापरा. एचए-प्रॉक्सीमध्ये 'सेंड प्रॉक्सी' आणि पोस्टफिक्सच्या त्या लिसनरवर 'एसएमटीपीडी अपस्ट्रीम प्रॉक्सी प्रोटोकॉल'. मग खरा आयपी पोस्टफिक्सपर्यंत पोचतो. फक्त एवढं लक्षात ठेवा, की त्या लिसनरवर मग प्रत्येकाने प्रॉक्सी प्रोटोकॉल बोलायला हवं. थेट येणाऱ्या आतल्या अॅपसाठी वेगळा लिसनर ठेवा.

आणि टेस्ट! मी टेस्ट केली होती, पण 'मेल जातो का' याची. खरी टेस्ट उलटी असते: जायला नको तो अडतो का? बाहेरच्या एखाद्या मशीनवरून पोर्ट २५ ला टेलनेट करा आणि तिसऱ्याच डोमेनचा पत्ता द्या. 'रिले अॅक्सेस डिनाइड' आलं, आकडा ५५४ असो की ४५४, तर छान. २५० आलं तर त्या क्षणी सगळं थांबवा.

आता क्यू. पहिली गोष्ट: क्यू असणं हा बिघाड नाही. समोरचा सर्व्हर बंद असेल, डोमेनचा पत्ता लागत नसेल, समोरचा म्हणत असेल 'आत्ता नको, नंतर या', तर मेल थांबणारच. चारने सुरू होणारा आकडा म्हणजे नंतर या. पाचने सुरू होणारा म्हणजे कधीच येऊ नका. काही सर्व्हर तर अनोळखी माणसाला मुद्दाम पहिल्यांदा चारचा आकडा देतात. खरा सर्व्हर परत येतो, घाईतला स्पॅमर बहुतेक वेळा येत नाही. याला ग्रेलिस्टिंग म्हणतात. म्हणजे धीर धरणं हीच इथे ओळख ठरते.

पोस्टफिक्सचा धीर कसा असतो ते डीफॉल्ट आकड्यांत बघा. क्यू रन डिले ३०० सेकंद, म्हणजे दर पाच मिनिटांनी थांबलेली क्यू तपासायची. मिनिमल बॅकऑफ टाइम ३०० सेकंद, मॅक्सिमल ४००० सेकंद, म्हणजे सुमारे ६७ मिनिटं. मेल जितका वेळ पडून असेल, साधारण तितकीच पुढची विश्रांती. आधी पाच मिनिटं, मग दहा, मग वीस, असं करत तासाभराच्या थोडं पुढे जाऊन स्थिर. आणि मॅक्सिमल क्यू लाइफटाइम पाच दिवस. त्यानंतर बाउन्स.

लोक इथे हात घालतात. क्रॉनमध्ये दर मिनिटाला 'पोस्टक्यू डॅश एफ' टाकतात, की सगळं ढकल. त्याने काय होतं? जे जाणार नाहीत तेच मेल पुन्हा पुन्हा पुढे येतात, जे जाऊ शकतात ते मागे राहतात, आणि समोरचा सर्व्हर तुमच्यावर आणखी वैतागतो. नका करू.

पाच दिवस हा आकडा मात्र विचार करून ठेवा. मुलाखतीच्या पत्राला तो ठीक आहे. ओटीपीला? परवाचा ओटीपी घेऊन कोण काय करणार! पण हे सेटिंग अख्ख्या क्यूला लागू होतं, मेलच्या प्रकाराप्रमाणे बदलत नाही. म्हणून ओटीपीसाठी पोस्टफिक्सचा वेगळा इन्स्टन्स चालवा, त्याची क्यू वेगळी, लाइफटाइम काही मिनिटांचा. पत्रांचा इन्स्टन्स वेगळा. आणि 'डिले वॉर्निंग टाइम' डीफॉल्टमध्ये शून्य असतं, म्हणजे बंद. ते चार तास केलं तर मेल अडकलाय हे पाठवणाऱ्याला पाच दिवसांनी नाही, त्याच दिवशी कळतं.

आणखी एक आकडा: अॅक्टिव्ह क्यूची मर्यादा, डीफॉल्ट वीस हजार. आमच्याकडे स्पॅमने ती भरली होती. म्हणून मुलाखतीची बरीच पत्रं अॅक्टिव्हमध्ये शिरलीच नव्हती, बाहेर इनकमिंगमध्ये उभी होती. याचा पुढे त्रास झाला. लॉगमध्ये 'टू' म्हणजे कोणाला हा पत्ता डिलिव्हरीचा प्रयत्न झाल्यावर येतो. ज्यांचा प्रयत्नच झाला नाही, त्यांचे पत्ते लॉगमध्ये नाहीत. मजकूर तर कोणाचाच नाही.

मग त्या रात्री करायला काय हवं होतं? पोर्ट बंद करणं बरोबर. पुढे 'पोस्टसुपर डॅश एच ऑल', म्हणजे सगळं होल्डवर. काही जात नाही, काही मरत नाही. मग 'क्यूशेप डॅश एस होल्ड', कोणत्या पाठवणाऱ्या डोमेनचे किती ते कळतं. 'पोस्टकॅट डॅश क्यू' आणि क्यू आयडी देऊन दोन-चार मेल उघडून बघायचे. 'पोस्टक्यू डॅश जे' दिलं तर सगळी यादी जेसनमध्ये मिळते, पोस्टफिक्स ३.१ पासून. त्यातून स्पॅमचेच आयडी गाळून 'पोस्टसुपर डॅश डी डॅश'ला द्यायचे. उरलेले कॅपिटल एचने मोकळे करायचे. फार दिवस होल्डवर असतील तर डॅश आर, म्हणजे ते नव्याने रांगेत लागतात. सगळं मिळून अर्धा तास. मी तो अर्धा तास वाचवला.

शुक्रवारचा दिवस कसा गेला सांगते. आमचा आयपी एव्हाना ब्लॅकलिस्टमध्ये, त्यामुळे मेल परत पाठवून उपयोग नव्हता. क्लायंटच्या डेटाबेसमधून यादी काढली आणि मी, माझे सीनियर आणि क्लायंटकडची दोन माणसं फोन करत बसलो. सीनियर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "अगं, रिकामी क्यू बघून बरं वाटलं ना? म्हणूनच ती कमांड वाईट."

बहुतेकांना फोन लागले. एका मुलीचा लागला तो शनिवारी दुपारी, मुलाखती संपल्यावर. ती चिडली नाही. म्हणाली, "मॅडम, मी रोज मेल बघत होते. स्पॅमचं फोल्डर पण बघत होते."

त्यावर मला काही बोलता आलं नाही. क्लायंटने पुढच्या फेरीत तिचं नाव घेतलं, पण ती आली की नाही हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

तेव्हा आज घरी गेल्यावर, किंवा उद्या ऑफिसात, तीन गोष्टी करा. 'पोस्टकॉन्फ डॅश एन' मारून तुमच्या सर्व्हरवर डीफॉल्टपेक्षा काय वेगळं आहे ते वाचा, आणि माय नेटवर्क्सपाशी थांबून प्रत्येक आयपी कोणाचा ते विचारा. बाहेरून रिलेची उलटी टेस्ट करा. आणि तुमच्या टीमच्या नोट्समध्ये जिथे 'डॅश डी ऑल' लिहिलंय, तिथे त्याच्या वर 'आधी डॅश एच' लिहा. क्यूमधल्या प्रत्येक ओळीच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी फोन हातात घेऊन बसलेलं असतं.

तुमच्याकडे असा किस्सा असेल तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!