बीळ एकीचं, बाळ दुसरीचं



मधमाशी म्हटलं की आपल्याला पोळं आठवतं आणि पोळ्यामागोमाग आग्या माशी, नाहीतर सातेरी. पण जगात मधमाश्यांच्या वीस हजारांवर जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक पोळं बांधतच नाहीत. राणी नाही, कामकरी नाहीत. एकेकटी मादी मातीत बीळ करते आणि आपला संसार आपणच रेटते.

सूर्यमाळच्या आसपास, जव्हार-मोखाड्याच्या वरकस जमिनीवर, पाऊस ओसरला की खुरासणी पिवळीधमक फुलते. त्या दिवसांत दारच्या तुळशीकडे नीट बघा. पोटावर निळसर पट्टे असलेली, एका मंजिरीवर घटकाभरही न ठरणारी माशी दिसेल. शास्त्रज्ञ तिला अमेगिला म्हणतात. वांग्याच्या, टोमॅटोच्या फुलाला ही लटकते आणि छातीचे स्नायू थरथरवून आतला पराग झाडून काढते. पोळ्यातल्या सातेरीला ही विद्या येत नाही.

शेताचा भुसभुशीत बांध, ओढ्याकाठची वाळूमिश्रित दरड, कुडाच्या घराची सारवलेली भिंत, जिथे उकरता येईल तिथे तिचं बीळ. आत लहान लहान कोठड्या. पराग आणि मकरंद कालवून शिधा भरायचा, एक अंडं घालायचं, वर मातीचं झाकण. की पुढची कोठडी.

या बिळांपाशी आणखी एक माशी घोटाळते. काळी कुळकुळीत, अंगावर निळे-पांढरे ठिपके. ही थायरियस, आपण कोकीळमाशी म्हणू या. फुलावर ती जाते ती स्वतःपुरता मकरंद प्यायला. पिल्लांसाठी पराग वाहून न्यायला पायांवर दाट केस लागतात, ते तिला नाहीतच. मालकीण बाहेर गेली की ही बिळात शिरते, कोठडीत आपलं अंडं ठेवते आणि निघून जाते.

कोकिळेशी साम्य इथवरच. कावळ्याला परक्या पिल्लाला निदान भरवावं तरी लागतं. इथे शिधा आधीच भरलेला. थायरियसची अळी बाहेर येते ती वाकडे, टोकदार जबडे घेऊनच. मालकिणीचं अंडं किंवा अळी आधी संपवते, मग परागाला तोंड लावते. कात टाकून मोठी झाली की तिचे जबडेही साधे होतात. आता त्यांचं काम उरलेलं नसतं. आणि थायरियस मालकिणीच्या तावडीत सापडली तरी तिचं कवच जाड, नांगी सहजी रुतत नाही.

मला या लुटारूचा राग येत नाही. अमेगिला भरपूर असेल तरच थायरियस टिकते. मालकिणी विरळ झाल्या की आधी हीच नाहीशी व्हायची. म्हणून अभ्यासक अशा माश्या दिसल्या की खूश होतात. कुडाच्या भिंती आता कमी होत चालल्या आहेत, आणि ते वाईट झालं असं मी म्हणणार नाही. मोखाड्याच्या पावसात कूड कुजतो म्हणजे काय, ते तिथल्या बाईला विचारावं. पण बांध आणि दरडी आहेतच. त्यांच्यावर सरसकट सिमेंट ओतायचं कारण नाही.

दोघींना बघायचं असेल तर ऊन चढल्यावर एखाद्या उघड्या दरडीसमोर बसा. सरळ बिळात शिरते ती मालकीण, दाराशी घुटमळते ती दुसरी. राखायला पोळं नाही, त्यामुळे अंगावर कुणीच धावून येत नाही. मुठीत मात्र धरू नका. नांगी दोघींनाही आहे.