उजव्या कोपऱ्यातली सही

मित्रहो, आणि मित्र नसूनही पहिल्या रांगेत बसावं लागलेले सज्जनहो,

संमेलन शहपुऱ्यात घ्यायचं ठरल्यापासून काय काय झालं ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, ते मी उगाळत नाही. जबलपूर सोडून भिटौनी स्टेशनच्या गावात, ऐन मटरच्या हंगामात, कोण मराठी माणूस येणार, असं ज्यांनी लेखी विचारलं होतं त्यांनी फक्त एकदा मागं वळून मंडप बघावा. आणि हो, मी मटरच म्हणणार. पुण्याच्या पाहुण्यांनी काना मनातल्या मनात लावून घ्यावा.

देश समतेच्या वचनाला जागला का, हा सकाळच्या परिसंवादाचा विषय होता. तिन्ही वक्त्यांनी सगळं खापर दिल्लीवर फोडलं आणि जेवायला गेले. दिल्लीचा हिशेब मीही मांडणार आहे. पण अध्यक्षाला माईक एकदाच मिळतो, पुढच्या वर्षी मला आभार मानायलाही कुणी बोलावणार नाही, तेव्हा अकरा वर्षं पोटात ठेवलेलं आधी बाहेर काढतो.

कायदा शिकणाऱ्या कुठल्याही पोराला ‘जबलपूर’ म्हणा. त्याला भेडाघाट आठवत नाही, ‘एडीएम जबलपूर’ आठवतं. माझी भाची वकिलीच्या पहिल्या वर्षाला गेली, तर वर्गात तिला विचारलं, तू त्या जबलपूरची का? जणू लोकांना तुरुंगात हिनंच घातलं होतं.

झालं होतं काय? आणीबाणीत, २७ जून १९७५ ला राष्ट्रपतींचा आदेश निघाला, की कलम १४, २१ आणि २२ यांच्यासाठी कुणी न्यायालयात जायचं नाही. जीव आणि अटक यांबद्दल आजही लोक बोलतात. पण १४ वं कलम, म्हणजे कायद्यापुढं सगळे सारखे, तेही त्याच यादीत होतं, हे किती जणांना आठवतं? शिवकांत शुक्ल मिसा कायद्याखाली तुरुंगात होते. ते इथल्या उच्च न्यायालयात गेले, आणि इथल्या न्यायालयानं सांगितलं, अर्ज ऐकू. देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी हेच सांगितलं. म्हणजे जबलपूर बरोबर होतं! चूक झाली दिल्लीत, सर्वोच्च न्यायालयात, २८ एप्रिल १९७६ ला: अर्ज ऐकायचा नाही, चार विरुद्ध एक. पण सरकारच्या बाजूनं कागदावर इथले अतिरिक्त जिल्हादंडाधिकारी होते, म्हणून खटल्याला नाव आपलं लागलं. साहेबांची बदली होते हो, गावाची होत नाही.

त्या चार न्यायमूर्तींत एक आपलेच होते, पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड. एकटे अडले ते हंसराज खन्ना. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून न्यायमूर्ती बेगांना सरन्यायाधीश केलं आणि खन्नांनी राजीनामा दिला. पुढं २०१७ साली चंद्रचूडांच्या चिरंजीवांनी त्याच न्यायालयात बसून वडिलांचा तो निकाल सपशेल चुकीचा ठरवला. मराठी घरात बापाला चुकलात म्हणायला एक्केचाळीस वर्षं लागली, तर ती फार म्हणू नयेत.

आता माझं खरं दुखणं. घटनेच्या मूळ प्रतीतलं उद्देशिकेचं पान, ज्यावर ‘समता’ हा शब्द आहे, ते सजवलं कुणी? जबलपूरच्या ब्यौहार राममनोहर सिन्हांनी, नंदलाल बोसांच्या शिष्यानं. पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात नागरीत इवलंसं ‘राम’ लिहिलं आहे, ती त्यांची सही. गोलबाजारातल्या शहीद स्मारकाच्या भिंतीही त्यांनीच रंगवल्या. त्याच सभागृहात आपण नाटकं बघितली आणि मध्यंतरात समोसे खाल्ले. मान वर करून भिंत किती जणांनी बघितली? या पानाची एक मोठी प्रत आणि खाली चित्रकाराचं नाव चौकात लावा, म्हणून मी सतरा पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं, त्यात माझंच आडनाव चुकलेलं. बदनामी पाठ आहे, सही कुणाला दिसत नाही. हसू नका. ज्या गावाला आपण समतेचं पान सजवलं हेच माहीत नाही, ते गाव समतेचा आग्रह कुठून धरणार?

आमचे काही विद्वान म्हणतात, सिन्हा कुठं मराठी होते? बरं, घटनेची हिंदी प्रत ज्यांनी हातानं लिहिली त्यांचं नाव वसंत कृष्ण वैद्य. झालं समाधान? नाव ऐकून टाळ्या वाजवणारे हात मी बघून ठेवले आहेत.

१९७६ चा तो एप्रिल मला वेगळ्याच कारणानं आठवतो. मी नऊ वर्षांचा होतो, वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. निकाल लागला त्याच आठवड्यात आमच्याकडच्या एका मंडळात चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. आंब्याची डाळ कुणी करायची? आईनं. तिच्या हाताला चव होती, हे सगळ्या सुवासिनींना मान्य होतं. पहाटेपासून पाट्यावर तिनं पाच शेर हरभऱ्याची डाळ वाटली. कैऱ्या मी किसल्या, बोटं सोलून घेतली. संध्याकाळी हॉलच्या मागच्या दारानं पातेलं आत गेलं, आई गेली नाही. आम्ही पायरीवर बसलो. आतून कुणीतरी झाकण घालून वाटी आणून दिली, आईच्याच डाळीची. घरी येताना ती म्हणाली, मीठ जरा कमी झालंय.

आणीबाणीनं १४ वं कलम एकवीस महिने कोर्टाबाहेर ठेवलं. आमच्या हॉलच्या त्या मागच्या दाराला कुठला आदेश लागला होता? कुणाची सही होती त्यावर?

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत हेच बजावलं होतं: मतपेटीत सगळे सारखे आणि घरात-बाजारात विषम, असला विसंगत संसार आपण थाटतो आहोत. त्यांना ते पुस्तकातून कळलेलं नव्हतं. महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं सगळ्यांना खुलं करायचा ठराव १९२४ सालीच केला होता. पाणी प्यायला १९२७ उजाडावं लागलं, आणि प्यायल्यावर डोकी फुटली. आणि हायकोर्टाचा निकाल आला १९३७ साली. ठराव म्हणजे काय चीज असते ते त्या माणसाला कळत होतं.

ठरावांचं आम्हालाही कळतं. हळदीकुंकू सर्व स्त्रियांना खुलं असावं, हा माझा ठराव आमच्या सभेत पाच वेळा आला आणि पाचही वेळा ‘पुढील सभेत विचार व्हावा’ असं इतिवृत्तात गेलं. कार्यकारिणीला मी दोष देत नाही, त्यातले निम्मे माझ्याच पॅनेलचे आहेत आणि त्यांच्या अडचणी मला माहीत आहेत. पण एक ज्येष्ठ म्हणाले, अहो, त्या बायकांनाच नको असतं. नाव मी घेत नाही. चहाच्या वेळी ते स्वतःच सांगत फिरतील. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद. महिनाभरातच महाराष्ट्र सरकारनं त्याच धर्तीवर परिपत्रक काढलं. तिथं पाच बैठका लागल्या नाहीत. आमच्यात पदवीधर जास्त, त्यामुळे वेळ लागतो.

आज सहा वाजता संक्रांतीचं हळदीकुंकू आहे. पत्रिकेत ‘सुवासिनींसाठी’ छापलं होतं. काल रात्री बसून तो शब्द मी सव्वाशे पत्रिकांवर पेनानं खोडला. उरलेल्या आधीच वाटून झाल्या होत्या. कुणी वाटल्या तेही कळलं आहे.

ज्या मावशी सकाळपासून आत दोनशे माणसांचा मटरभात करत आहेत, पहिलं कुंकू त्यांना लावावं असं मनात होतं. मी विचारलं. त्या नको म्हणाल्या, दादा, मला इथंच राहायचंय, तुम्ही उद्या जाल. तेव्हा मी कुणाला हाताला धरून व्यासपीठावर ओढणार नाही. कुंकवाचा करंडा मात्र इथून उचलून स्वयंपाकघराच्या दारात ठेवायला सांगितला आहे. मावशी तिथं आहेत, मटरभातही तिथंच आहे, आणि मांडववाल्याकडून खातरजमा केली आहे, दुसरं दार नाही.